मांडीचा पट्टा होत नाही

लहान मुलांच्या कार सीटसाठी गरीब कुटुंबांना सरकारने मदत करावी, असं महागावच्या बसस्टँडवर उभं राहून म्हणून बघा. ऐकणारा आधी हसेल. मग विचारेल, "भाऊ, गरिबाकडे कार आली कुठून? अन् कार आली तर तो गरीब कसा?" प्रश्न बिनतोड वाटतो. पुण्या-मुंबईचा चोचला उचलून यवतमाळ जिल्ह्याच्या टोकाला आणून टाकल्याचा आरोपही त्यात आहे. तो मला मान्य नाही. विषय फक्त पुण्या-मुंबईचा असता, तर कायदाही तेवढ्यापुरताच केला असता.

कायदा काय म्हणतो ते आधी पाहू. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये मोठी दुरुस्ती झाली. ती करून घेणारे केंद्रीय मंत्री नितीन गडकरी नागपूरचे, म्हणजे आपल्याच विदर्भातले. या दुरुस्तीतल्या कलम १९४-बी प्रमाणे चौदा वर्षांखालचं मूल गाडीत पट्ट्याने किंवा मुलांसाठीच्या खास सीटने बांधलेलं नसेल, तर चालवणाऱ्याला एक हजार रुपये दंड आहे. महाराष्ट्राने वाढीव दंड डिसेंबर २०२१ पासून लागू केले. कलमात शहर-खेडं असा भेद नाही, गाडी नवी की तिसऱ्या हातातली असा नाही, सातबारा किती एकरांचा असाही नाही. दोन वर्षांच्या मुलाला मोठ्या माणसाचा पट्टा बसत नाही. वरचा भाग गळ्याशी येतो, खालचा पोटावर चढतो. म्हणजे त्या वयासाठी सीट विकत घेणं हाच कायदा पाळायचा मार्ग उरतो. सरकारने खरेदीचा हुकूम काढला आहे. खरेदी कशातून करायची, यावर मात्र अवाक्षर नाही.

आता तो गरीब कोण, हे बघू. जुनी ओम्नी किंवा अल्टो हप्त्यावर घेऊन भाड्याने फिरवणारा पोरगा श्रीमंत नव्हे. तीन एकर कोरडवाहूतल्या कपाशी-सोयाबीनवर भागत नाही म्हणून त्याने गाडी घेतलेली असते. पेशंट पुसदला न्यायचा, लग्नाचं वऱ्हाड उमरखेडला सोडायचं, माहूरच्या रेणुकेला नवस फेडायला निघालेलं कुटुंब धनोड्याच्या पुलावरून पलीकडे न्यायचं, ही त्याची कमाई. त्याच गाडीत त्याची बायको आणि मूलही बसतं. साधी बरी कार सीट चार-पाच हजारांपासून पुढे मिळते. रोजगार हमीची मजुरी २०२५-२६ साठी दिवसाला ३१२ रुपये ठरली होती. म्हणजे एका सीटला मजुरीचे पंधरा दिवस. तेही काम सलग मिळालं तर. आणि तान्ह्या बाळाची सीट वर्ष-सव्वा वर्षात लहान पडते. मग पुढच्या मापाची घ्या. ही खरेदी तो करणार नाही. मीही त्याच्या जागी केली नसती.

पण हसणाऱ्याचा मुद्दा एका बाजूने खरा आहे आणि तो मी माझ्या बाजूने वळवून घेतो. महागाव तालुक्यात बहुतेक मुलं कारमध्ये बसतच नाहीत. ती दुचाकीवर बसतात. टाकीवर एक, आई-बापाच्या मध्ये एक, आणि तान्हं असेल तर एका बाजूला पाय सोडून बसलेल्या आईच्या कडेवर. फुलसावंगीहून, गुंजहून, हिवऱ्याहून दवाखान्याला किंवा बाजाराला येणारी गाडी अशीच येते. तेव्हा "कार सीट" या शब्दावर अडून बसू नका. दुचाकीवरचं मुलाचं हेल्मेट आणि त्याला चालवणाऱ्याशी बांधणारा पट्टा, म्हणजे हार्नेस, ही आमच्या तालुक्याची कार सीट. आणि त्याचाही कायदा झालेला आहे.

केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १३८ वा नियम १५ फेब्रुवारी २०२२ च्या अधिसूचनेने वाढवला गेला आणि वर्षभरानंतर तो लागू झाला. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला दुचाकीवर नेताना त्याच्या मापाचं हेल्मेट हवं, अंगात घालायचं जाकीट हवं, त्या जाकिटाचे पट्टे चालवणाऱ्याच्या खांद्यात अडकवलेले हवेत. हार्नेस हलका, पाण्याने खराब न होणारा, तीस किलो वजन पेलणारा हवा. आणि मूल गाडीवर असताना वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर नको. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला तर कलम १२९ प्रमाणे हेल्मेट आहेच. नियम चांगला आहे, त्यावर माझं भांडण नाही. पण आपल्याकडे ऑटो पार्ट्सच्या दुकानात टाकीचं कव्हर मिळतं, हँडलला लावायचे गोंडे मिळतात. तिथे दोन वर्षांच्या पोराचं हेल्मेट आणि हार्नेस मागून बघा. दुकानदार तुमच्याकडे कसा बघतो, त्यावरून या नियमाची तालुक्यातली पोहोच कळेल. शिवाय कलम १२८ म्हणतं की दुचाकीवर मागे एकच माणूस. म्हणजे नवरा, बायको आणि दोन लेकरं अंगणातून निघतानाच कायदा मोडून निघतात. त्यांना एसटी वेळेवर मिळाली तर ती या सगळ्यापेक्षा बरी. पाच वर्षांखालचं मूल तिथे फुकट, २०२३ पासून बाईला अर्धं तिकीट. पण तांड्यावर एसटी किती वेळा येते, यावर वेगळा लेख लागेल.

या सगळ्याला जे विरोध ऐकू येतात, त्यातला सगळ्यात जुना आणि सगळ्यात प्रेमळ विरोध असा : "आईच्या मांडीपेक्षा सुरक्षित जागा कोणती?" भावनेला तोड नाही, हिशेबाला आहे. ताशी ५० किलोमीटरने चाललेली गाडी धडकून एका सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली असं धरा. त्या क्षणी दहा किलोच्या मुलाला जागेवर धरून ठेवायला साधारण १४० किलोइतका जोर लागतो. दीड क्विंटलला थोडं कमी. सोयाबीनचं कट्टं दोन हातांनी उचलणारी आईसुद्धा एका क्षणात एवढं पेलू शकत नाही, आणि तिला स्वतःला पट्टा नसेल तर ती मुलासकट पुढे फेकली जाते. मूल तिच्या आणि डॅशबोर्डच्या मध्ये सापडतं.

हा वाद आपण पहिल्यांदा घालत नाही आहोत. अमेरिकेत टेनेसी राज्याने १९७७ मध्ये मुलांच्या कार सीटचा देशातला पहिला कायदा केला. त्यामागे मर्फ्रीसबरो गावचे बालरोगतज्ज्ञ डॉ. रॉबर्ट सँडर्स आणि त्यांची पत्नी होती. आमदारांनी कायदा मंजूर करताना एक पळवाट घातली : मोठ्या माणसाने मूल हातात धरलं असेल तर सीट नको. म्हणजे आपलीच मांडी. या पळवाटेला विरोधकांनी मूल चिरडणारी दुरुस्ती असं नाव दिलं, आणि १९८१ मध्ये ती काढून टाकावी लागली. जगात ज्या मुद्द्याचा निकाल चाळीस वर्षांपूर्वी लागला, तो आपल्याकडे अजून चहाच्या टपरीवर जिवंत आहे. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री गेले, ते महागड्या गाडीत, मागच्या सीटवर, पट्टा न लावता. त्यानंतर काही दिवस सगळा देश मागच्या पट्ट्याबद्दल बोलला. मागच्या सीटवरच्या मुलांबद्दल फारसं कुणी बोललं नाही.

दुसरा विरोध विदर्भात फार लोकप्रिय : "आधी रस्ते सुधारा, मग सीटचं बघू." हा विरोध महागावात तरी आता चालणार नाही, कारण रस्ता सुधारला आहे. नागपूर-तुळजापूर रस्त्याचा राष्ट्रीय महामार्ग ३६१ झाला, वारंगा ते महागाव आणि महागाव ते यवतमाळ असे त्याचे टप्पे पडले, आणि एकेकाळचा खड्ड्यांचा रस्ता चौपदरी झाला. खड्ड्यांत गाडी आपोआप हळू चालायची. खड्डे गेले, वेग आला. आंध्र-तेलंगणाकडून येणारे मालट्रक, खासगी ट्रॅव्हल्स, उसाची वाहनं आणि टाकीवर पोरगं बसवलेली दुचाकी हे सगळे एकाच काँक्रीटवर आले. आता त्या ४० किलोमीटरच्या नियमाकडे बघा. बाप प्रामाणिकपणे ४० ने चालला, तर शेजारून ऐंशीने जाणाऱ्या ट्रकचा वाराच त्याला डळमळवतो. रस्ता सुधारला म्हणून मुलाच्या हेल्मेटची गरज कमी झाली नाही, उलट आत्ताच पहिल्यांदा एवढी झाली. "आधी रस्ते" म्हणणाऱ्यांना आपण काय मागितलं होतं, याचा विसर पडलेला दिसतो.

  

तिसरा पक्ष दंडवाल्यांचा. "हजाराची पावती फाडा, सगळे सुतासारखे सरळ येतात." मोठ्यांच्या हेल्मेटबाबत दंडाचा उपयोग होतो, हे मी नाकारत नाही. व्हिएतनामने १५ डिसेंबर २००७ पासून सगळ्या रस्त्यांवर हेल्मेट सक्तीचं केलं आणि काही दिवसांत मोठ्यांची डोकी झाकली गेली. पण मुलांची डोकी उघडीच राहिली. एक कारण म्हणजे मुलांसाठी दंडाची तरतूद नव्हती. ती २०१० मध्ये करावी लागली. दुसरं कारण अफवा : हेल्मेटच्या वजनाने पोरांची मान मोडते. ही अफवा नुसत्या पावतीने गेली नसती. शाळाशाळांत मुलांना हेल्मेट वाटणारी आणि घालायला शिकवणारी मोहीम तिथे २००० सालापासून चालू होती, ती वाढवावी लागली. दंडही लागतो आणि वस्तूही लागते. आपण दंड आणला, वस्तू आणली नाही.

दंडातून वस्तू कशी आणायची, याचंही उदाहरण आहे. कॅलिफोर्नियात मूल सीटशिवाय नेल्याच्या दंडातला ६० टक्के भाग स्थानिक आरोग्य खात्याकडे जातो. तो सीट स्वस्तात देण्यासाठी, उसनी देण्यासाठी आणि ती कशी बसवायची हे शिकवण्यासाठी खर्च करायचा, असं तिथल्या कायद्यातच लिहिलं आहे. अमेरिकेच्या काही राज्यांत सीट घेतल्याचा पुरावा दाखवला की खटला मिटतो. दंडाचा हेतू मूल वाचवणं हाच असेल, तर दंडाचा पैसा मुलापर्यंत गेला पाहिजे. आपल्याकडे तो ई-चलानातून तिजोरीत जातो आणि तिथेच त्याचा मुलाशी संबंध संपतो.

खरं तर दंडाचा पैसा मुलापर्यंत न्यायला आपल्याकडे दारही उघडं आहे. सर्वोच्च न्यायालयाने एस. राजशेखरन खटल्यात ३० नोव्हेंबर २०१७ ला जे निर्देश दिले, त्यांत प्रत्येक राज्याने वाहतूक दंडाच्या रकमेतून रस्ता सुरक्षा निधी उभारावा, असं सांगितलं आहे. जिल्ह्याजिल्ह्यात रस्ता सुरक्षा समिती असावी आणि तिचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असावेत, हेही त्यात आहे. म्हणजे पैसा कुठून आणि निर्णय कोण घेणार, ही दोन्ही उत्तरं कागदावर तयार आहेत. या निधीतून फलक लागतात, सप्ताह साजरे होतात, "सावकाश जा, घरी कुणीतरी वाट पाहतंय" असं भिंतीवर रंगवलं जातं. घरी वाट पाहणाऱ्याचं ठीक आहे. टाकीवर बसलेल्याचं काय?

मग शेवटचं ब्रह्मास्त्र निघतं : रेवडी. "सगळंच फुकट द्या, म्हणजे लोक आळशी होतील." हे म्हणणाऱ्यांनी महाराष्ट्र सरकारने बाळंतिणीला काय काय दिलंय ते आठवावं. सरकारी दवाखान्यात पहिलं बाळ झालं की दोन हजारांचं बेबी केअर किट द्यायची योजना २६ जानेवारी २०१९ ला सुरू झाली. त्यात मच्छरदाणी, गादी, थर्मामीटर, नखं कापायचं यंत्र, इतकंच काय खुळखुळाही होता. लेक लाडकी योजनेत १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या मुलीला, घरात पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर, टप्प्याटप्प्याने एक लाख एक हजार रुपये आहेत. पहिले पाच हजार जन्मानंतरच. या दोन्ही योजना मला पटतात. डास चावू नये म्हणून मच्छरदाणी देणं हे सरकारचं काम आहे, हे एकदा मान्य केलं, की बाळाचं डोकं रस्त्यावर आपटू नये म्हणून हेल्मेट देणं हे सरकारचं काम नाही, असं कोणत्या तर्काने म्हणायचं? देशात २०२२ मध्ये रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली. त्यात अठरा वर्षांखालची साडेनऊ हजारांवर होती. हेल्मेट नसलेल्या दुचाकीस्वारांतले ५०,०२९ गेले. त्यातले १४,३३७ चालवणारे नव्हते, मागे बसलेले होते. एखाद्या आजाराने एवढी मुलं गेली असती तर आपण लस मोफत दिली असती आणि तिला कुणी रेवडी म्हटलं नसतं.

इथे माझं माझ्या बाजूच्या लोकांशीही भांडण आहे. काही जण म्हणतात, खात्यावर सरळ पैसे टाका, ज्याला सीट घ्यायची तो घेईल. नाही घेणार. जूनमध्ये पैसे आले तर बियाणं घेतलं जाईल, जानेवारीत आले तर कृषी केंद्राची उधारी फिटेल, आणि ते चूक नाही. ज्याच्या घरात दहा निकडी आहेत, तो अकराव्या निकडीला पैसे ठेवत नाही. वस्तूच द्यायला हवी. पण वस्तू कायमची देणंही शहाणपणाचं नाही, कारण ती वाढत्या मुलाला वर्ष-दोन वर्षांत पुरत नाही आणि नंतर माळ्यावर जाते. म्हणून मी म्हणतो ती उसनवारी : प्राथमिक आरोग्य केंद्रात सीट, हेल्मेट आणि हार्नेस तीन-चार मापांत ठेवायचे, नाममात्र अनामत घ्यायची, मूल मोठं झालं की माप बदलून द्यायचं, गरज संपली की अनामत परत. लसीकरणाचं कार्ड आहेच, त्यावर एक रकाना वाढवायचा.

उसनवारीला एक अट मात्र कडक पाळावी लागेल. अपघातातून गेलेली सीट किंवा आदळलेलं हेल्मेट पुन्हा कुणाला द्यायचं नाही. वरून धड दिसलं तरी आतला फोम दबलेला असतो. म्हणून प्रत्येक वस्तूला नंबर हवा आणि रजिस्टर हवं. जुन्या बाजारातून घेतलेल्या सीटचा इतिहास कुणालाच माहीत नसतो, सरकारी रजिस्टरला तरी तो असेल. आणि वस्तू नुसती हातात टेकवून चालत नाही. हनुवटीचा पट्टा न लावलेलं हेल्मेट डोकं आपटायच्या आधीच उडून जातं. चुकीची बसवलेली सीट दिसते चांगली, धरत काही नाही. दाखवणारं माणूस लागेल. लगेच सगळ्यांची नजर आशाताईंकडे जाईल. जाऊ द्या, पण या कामाचा वेगळा मोबदला आधी ठरवा. त्यांच्या डोक्यावर आणखी एक रजिस्टर फुकटात ठेवायला माझा विरोध आहे.

एक वाटा तर सरकारच्या तिजोरीतूनही जायची गरज नाही. नियम १३८ च्याच आधीच्या एका पोटकलमानुसार नवी दुचाकी विकताना कंपनीने प्रमाणित हेल्मेट सोबत द्यायचं असतं. दुचाकी आपल्या देशात कुटुंबाचं वाहन म्हणूनच विकली जाते, जाहिरातीतही मूल मध्ये बसलेलं दाखवतात. मग मुलाच्या मापाचं हेल्मेट आणि हार्नेसही त्याच किमतीत का नको? २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा हेल्मेटवर १८ टक्के कर लावला गेला. डोकं वाचवायच्या वस्तूवर हा कर कशासाठी, हा प्रश्न तेव्हाही होता. निदान मुलांच्या मापाच्या हेल्मेटवरचा कर शून्य करायला कोणाचं काय जातं?

या योजनेने सगळं भागेल असा माझा दावा नाही. दिवाळीनंतर ऊसतोडीला निघणाऱ्या टोळ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, टेम्पोत, भांड्याकुंड्यांच्या वर लेकरं बसवून जातात. तिथे सीट बांधायला जागाच नाही, कारण ते वाहन माणसांसाठी नाहीच. त्यांच्यासाठी कारखान्याने किंवा मुकादमाने बस करावी, हाच उपाय. हेल्मेट वाटून ती जबाबदारी कुणाला टाळता येऊ नये. काळीपिवळीत बारा माणसं कोंबलेली असतात, तिथेही सीटचं बोलणं व्यर्थ आहे. पण जिथे भागतच नाही, ते दाखवून जिथे भागतं तेही बंद पाडायचं, ही वाद घालायची पद्धत आपल्याकडे फार बोकाळली आहे.

सुरुवात कुठून करायची, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं आहे. सरकारी दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईला बाळासह घरी सोडायची जबाबदारी २०११ पासून जननी शिशू सुरक्षा कार्यक्रमात सरकारने स्वतःवर घेतली आहे. १०२ ची गाडी तेच करते. बाळाच्या आयुष्यातला पहिला प्रवास हा सरकारी गाडीतला, सरकारी ड्रायव्हरच्या हाती असतो, आणि तो आईच्या मांडीवर होतो. महागाव तालुक्यातल्या अशा प्रत्येक गाडीत तान्ह्या बाळाची एक सीट बसवायला उत्पन्नाचा दाखला लागत नाही, लाभार्थ्यांची यादी लागत नाही, नवा कायदाही लागत नाही. जिल्हा रस्ता सुरक्षा समितीच्या पुढच्या बैठकीत एक ठराव आणि एक खरेदी आदेश, एवढंच लागतं. गाडी घरासमोर थांबली की सीट गाडीतच राहील. पण ती कशी दिसते आणि कशासाठी असते, हे त्या घराने पाहिलेलं असेल, आणि आरोग्य केंद्रातून उसनी सीट कुठे मिळते हे ड्रायव्हर त्यांना सांगू शकेल.